प्ल्यु-क-पार्फे आणि आपलं 'गेलो होतो': फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मंडळींसाठी

खडूफळा

बी-वनच्या (फ्रेंच परीक्षेच्या मधल्या पातळीच्या) वर्गात प्ल्यु-क-पार्फे, म्हणजे फ्रेंचचा पूर्ण भूतकाळ, शिकवायला घेतला की मी फळ्यावर पहिलं वाक्य मराठीत लिहिते: 'काल मी पुण्याला गेले होते.' याचं फ्रेंच सांगा म्हटलं की भराभर उत्तर येतं: 'इएर, झेते आले आ पुणे.' रूप अगदी बरोबर, पण वाक्य फ्रेंच माणसाला अर्धवट वाटतं. तो पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो. गेली होतीस, बरं, मग? त्याच्या आधी की नंतर काय झालं?

हा धागा मुख्यतः त्यासाठी आहे. रूप बनवणं मराठी माणसाला जड जात नाही, कारण आपला पूर्ण भूतकाळ त्याच मातीचा आहे: मुख्य क्रियापदाचं भूतकाळी रूप, जोडीला 'होतो, होती, होतं'. फ्रेंचमध्येही सहायक क्रियापद भूतकाळात आणि त्यामागे भूतकाळवाचक धातुसाधित. गडबड होते ती वापरात.

आधी रूप उरकून टाकते. (उच्चार देवनागरीत अंदाजेच बसतात. स्पेलिंगसाठी पुस्तक शेजारी ठेवा.)

सहायक क्रियापदं दोन, आव्वार (जवळ असणे) आणि एत्र (असणे). ती अँपार्फेमध्ये, म्हणजे अपूर्ण भूतकाळात, चालवायची. आव्वारचं: झावे, त्यू आवे, इल आवे, नुझाव्यों, वुझाव्ये, इल्झावे. एत्रचं: झेते, त्यू एते, इल एते, नुझेत्यों, वुझेत्ये, इल्झेते. कानाला सहापैकी चार रूपं सारखीच, लिहिताना मात्र शेपट्या वेगळ्या. पुढे धातुसाधित: माँझे (खाल्लेलं), फिनी (संपलेलं), वाँद्यू (विकलेलं), आणि पाठच करावी लागणारी मंडळी: फे, दी, मी, प्री, व्यू, ल्यू, स्यू, एक्री, उवेर, मोर, ने. आव्वारचं स्वतःचं धातुसाधित नुसतं 'यू'. लिहिताना दोन अक्षरं आणि उच्चार एकच, यावर दर बॅचमध्ये कोणीतरी हसतंच.

झाव्हे की झावे यावर कृपया वाद नको.

नकारात 'न' आणि 'पा' सहायकाला मिठी मारतात, धातुसाधित बाहेर राहतं: झ नावे पा माँझे, मी खाल्लं नव्हतं. 'देझा' (आधीच) आणि 'झामे' (कधीच नाही) याच फटीत बसतात: झावे देझा माँझे, झ नावे झामे व्यू सा. 'देझा' वाक्याच्या शेवटी ढकलू नका.

आता वापर. फ्रेंचमध्ये हा काळ एकटा उभा राहत नाही. त्याला भूतकाळातला एक टेकू लागतो, आणि सांगायची घटना त्या टेकूच्याही आधी घडून गेलेली असते. 'काँ नु सोम्झारिवे, ल त्रँ एते पार्ती': आम्ही पोचलो, तोवर गाडी सुटली होती. पोचणं हा टेकू. 'काल मी पुण्याला गेले होते' यात तसा टेकू नाही. मराठीत आपण 'होते' लावतो ते 'गेले आणि आलेही', 'आता ते मागे पडलं' एवढंच सुचवायला. फ्रेंच त्यासाठी साधा पासे कोंपोझे, म्हणजे रोजच्या बोलण्यातला भूतकाळ, वापरतो: इएर, झ स्वी आले आ पुणे.

बोला आता.

बीवन_उमेदवार

ताई, वेळेवर धागा काढलात, परीक्षा जवळ आली आहे. एक शंका. आव्वार कुठे आणि एत्र कुठे, यासाठी क्लासमध्ये ते 'डॉ. मिसेस वँडरट्रॅम्प' शिकवतात, एकेका अक्षरावरून एकेक क्रियापद. मला त्या बाईंचं नाव लक्षात राहतं, क्रियापदं राहत नाहीत. दुसरा काही उपाय?

पाणिनीचा_शेजारी

उपाय तुमच्या शाळेच्या व्याकरणात आहे. प्रयोग आठवा. 'ती गेली होती', 'ती आली होती', 'ती पडली होती', 'ती मेली होती': सगळे कर्तरी, क्रियापद कर्त्याच्या लिंगावचनाने चालतं. ही एत्रवाली. 'तिने आंबा खाल्ला होता', 'तिने पोळी खाल्ली होती': कर्मणी. ही आव्वारवाली. फ्रेंचमध्येही एत्रबरोबर धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलतं. 'एल एते पार्ती' लिहिताना स्त्रीलिंगासाठी शेवटी एक मुकं 'ई' जास्तीचं, अनेकवचन असेल तर 'एस'. उच्चार तोच. म्हणजे 'ने' लागला तर आव्वार, नाही लागला तर एत्र.

खडूफळा

@पाणिनीचा_शेजारी, सुरुवातीला ही युक्ती फार कामाची आहे, पण विद्यार्थ्याने ती नियम म्हणून धरली तर पंचाईत होते. 'ती झोपली होती', 'ती धावली होती', 'ती हसली होती', 'ती पोहली होती' यांतही 'ने' नाही. फ्रेंचमध्ये मात्र एल आवे दोर्मी, एल आवे कुर्यू, एल आवे री, एल आवे नाझे. सगळीकडे आव्वार. शिवाय 'मी विसरले होते', 'ती मराठी शिकली होती' ही सकर्मक असूनही आपल्याकडे कर्तरी आहेत. फ्रेंचमध्ये झावे उब्लिये, एल आवे आप्री.

एत्र घेतात ती जागा किंवा अवस्था बदलणारी काही मोजकी क्रियापदं: जाणं, येणं, पोचणं, निघणं, चढणं, उतरणं, आत शिरणं, बाहेर पडणं, पडणं, परतणं, जन्मणं, मरणं, होणं (बनणं या अर्थी). त्यांत 'रेस्ते' म्हणजे राहणं हा एक आगंतुक, कारण त्यात काहीच बदलत नाही. फ्रान्समध्ये मुलांना एका घराचं चित्र दाखवतात, 'एत्रचं घर'. कोणी दारातून आत येतंय, कोणी जिन्यावरून उतरतंय, कोणी खिडकीतून पडतंय. चित्र स्वतः काढलं की डॉक्टरीणबाईंची गरज लागत नाही.

यांखेरीज स्वतःवर उलटणारी सगळी क्रियापदं एत्रच घेतात: एल सेते लवे, ती उठली होती.

शेवंती

तुमच्या त्या घरातली काही क्रियापदं पक्षांतर करतात त्याबद्दलही लिहा ना. 'देसाँद्र', 'सोर्तीर' वगैरे. मला तर तो भाग मराठीमुळेच कळला. 'ती उतरली होती' म्हणजे एल एते देसाँद्यू. पण 'तिने बॅग उतरवली होती' म्हणजे एल आवे देसाँद्यू ला वालीझ. तसंच 'तो बाहेर पडला होता', इल एते सोर्ती, आणि 'त्याने गाडी बाहेर काढली होती', इल आवे सोर्ती ला व्वात्यूर. कर्म आलं की आव्वार. आपण क्रियापदच बदलतो, उतरणे-उतरवणे, पडणे-काढणे. ते फक्त सहायक बदलतात.

पाणिनीचा_शेजारी

म्हणजे युक्ती अगदीच वाया नाही म्हणायची! शेवंती, तुमची जोडी आवडली.

टवाळखोर

एवढं सगळं करून फ्रेंच माणूस बोलताना अर्धे स्वर गिळतोच. मग एत्र काय नि आव्वार काय.

सेन-काठचा

टवाळखोर, गिळतो खरा, पण 'झे माँझे' आणि 'झावे माँझे' यांतला फरक गिळत नाही. तो चुकला की समोरचा गोंधळतो.

मी इथे बरीच वर्षं आहे, म्हणून टेकूच्या मुद्द्यात थोडी भर घालतो. ताईंचं म्हणणं पटतं, पण टेकू उच्चारलाच पाहिजे असं नाही. ऑफिसात सहकारी विचारते, 'तू एते ऊ?' (कुठे होतास?) आणि मी म्हणतो, 'झेते देसाँद्यू प्राँद्र अँ काफे', खाली कॉफी घ्यायला गेलो होतो. हे शंभर टक्के फ्रेंच आहे. टेकू तिच्या प्रश्नात आहे: ती मला शोधत होती तो क्षण. त्याआधी मी खाली गेलो होतो. आता हेच वाक्य सोमवारी सकाळी, कोणी काही न विचारता, 'शनिवारी आम्ही लिऑनला गेलो होतो' अशा सुरात सुरू केलं, तर ऐकणारा ताई म्हणतात तसा पुढची वाट बघतो.

आणखी एक, ज्यात मराठी आणि फ्रेंच हातात हात घालून चालतात. बँकेत किंवा शेजाऱ्याकडे गेल्यावर आपण म्हणतो ना, 'जरा एक विचारायला आलो होतो'? आलेलो असतो आत्ता, समोर उभे असतो, तरी 'आलो होतो'. संकोच म्हणून. फ्रेंचमध्ये हुबेहूब तसंच: 'झेते वन्यू वु दमाँदे अँ सेर्वीस.' हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला घरची आठवण आली होती.

आणि 'झ त लावे दी!' म्हणजे 'मी तुला सांगितलं होतं!' त्यात 'ब्यँ' घातला, 'झ त लावे ब्यँ दी', की आपला 'तरी सांगत होते' वाला सूर लागतो. इथल्या प्रत्येक आईच्या तोंडी.

बीवन_उमेदवार

धन्यवाद सगळ्यांना. आता आव्वारबरोबर जे 'कर्म आधी आलं तर' प्रकरण आहे ते कोणी माणसाच्या भाषेत सांगेल का? क्लासमध्ये सर म्हणाले, पाठ करा.

खडूफळा

पाठ करायची गरज नाही. आव्वार असेल तर धातुसाधित एरवी ढिम्म बदलत नाही: झावे एक्री ला लेत्र, मी चिठ्ठी लिहिली होती. पण कर्म क्रियापदाच्या आधी येऊन बसलं तर धातुसाधित त्याच्याप्रमाणे बदलतं: ला लेत्र क झावे एक्रीत, मी लिहिलेली चिठ्ठी. 'एक्री'चं 'एक्रीत' झालं, कारण लेत्र स्त्रीलिंगी. बहुतेक क्रियापदांत हा बदल फक्त कागदावर दिसतो. जिथे धातुसाधिताच्या शेवटी मुकं व्यंजन आहे तिथेच तो ऐकू येतो: एक्री-एक्रीत, मी-मीझ, फे-फेत, उवेर-उवेर्त. तोंडी परीक्षेत तेवढे सांभाळा.

'मी चिठ्ठी लिहिली होती' म्हणताना 'लिहिली' चिठ्ठीशी जुळतं हे आपल्याला रक्तातून येतं. फ्रेंच माणसाला हे शाळेत घोकावं लागतं. आपल्याला फक्त एक शिकायचं: कर्म मागे असेल तर जुळवू नका.

पाणिनीचा_शेजारी

सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो नावाच्या कवीने हा नियम इटालियनच्या धर्तीवर पुढे आणला. तेव्हापासून फ्रेंच पोरं मारोच्या नावाने बोटं मोडताहेत. 2018 मध्ये बेल्जियमच्या फ्रेंच भाषक भागातून असा प्रस्ताव आला होता की आव्वारबरोबरचं धातुसाधित सरळ न बदलणारं ठेवावं. त्यावर फ्रान्समध्ये बरीच आदळआपट झाली.

पण ताई, 'रक्तातून येतं' याला एक अडसर आहे. माणूस कर्म असला की आपण 'ला' लावतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी करतो: 'मी तिला पाहिलं होतं'. भावे प्रयोग. फ्रेंचमध्ये मात्र 'झ लावे व्यू' लिहिताना तिथला 'ल' म्हणजे 'तिला', म्हणून स्त्रीलिंगी 'ई' हवंच. आणि 'मी तिच्याशी बोललो होतो' यात, झ लुई आवे पार्ले, काही नको, कारण 'लुई' हे अप्रत्यक्ष कर्म. मराठीच्या भरवशावर बसलेला विद्यार्थी नेमका इथे गुण घालवतो.

खडूफळा

बरोबर. माझ्या वर्गात 'व्यू'ला 'ई' सगळ्यात जास्त वेळा इथेच राहतं. यातच 'ती हात धुऊन बसली होती' वाला खड्डा जोडा. एल सेते लावे, तिने आंघोळ केली होती, इथे 'ई' हवं. एल सेते लावे ले मँ, तिने हात धुतले होते, इथे नको, कारण खरं कर्म 'हात' आणि ते मागे आहे.

मोकाकर

मॉरिशसहून नमस्कार. घरी मराठी, रस्त्यावर क्रेओल (फ्रेंचवरून घडलेली इथली बोली), शाळेत फ्रेंच, अशी आमची तऱ्हा. तुमचा सगळा धागा वाचून आमच्या क्रेओलची बाजू मांडावीशी वाटली. आमच्याकडे 'मी खाल्लं होतं' म्हणजे 'मो ती फिन माँझे'. 'ती गेली होती' म्हणजे 'ली ती फिन आले'. 'ती' भूतकाळाचा, 'फिन' पूर्णत्वाचा. एत्र नाही, आव्वार नाही, लिंग नाही, वचन नाही, शेपटीही नाही. त्यामुळे आमच्या मुलांना प्ल्यु-क-पार्फे कधी वापरायचा हे लवकर कळतं, लिहिताना मात्र एत्र-आव्वार सतत अडतं. तुमचं उलटं दिसतंय.

शेवंती

वा! मोकाकर, 'फिन' म्हणजे 'फिनी'वरूनच ना?

मोकाकर

हो, संपवणे. आणि 'ती'ची मुळं एत्रच्या भूतकाळी रूपाकडे जातात. भरभर बोलताना दोन्ही मिळून 'तीन'सारखं ऐकू येतं.

टवाळखोर

आता मी क्रेओलच शिकतो. बी-वन गेलं खड्ड्यात.

बीवन_उमेदवार

'सी'ची, म्हणजे 'जर'ची, वाक्यं राहिली. 'मला माहीत असतं तर आलो नसतो.'

सेन-काठचा

सी झावे स्यू, झ न सरे पा वन्यू. 'सी'च्या बाजूला प्ल्यु-क-पार्फे, दुसऱ्या बाजूला कोंदिस्योनेल पासे, म्हणजे 'केलं असतं'वालं रूप. मराठीत दोन्हीकडे 'असतं-नसतं' येतं, म्हणून आपण दोन्हीकडे 'रे'वालं रूप ठोकून देतो. 'सी झोरे स्यू' म्हणालात की इथली आठ वर्षांची पोरगीही तुम्हाला थांबवेल आणि शाळेतलं वाक्य ऐकवेल: 'ले सी नेम पा ले रे.' 'सी'ला 'रे' आवडत नाहीत. आणि उच्चारात 'करवतींना रे मासे आवडत नाहीत' असाही अर्थ निघतो, म्हणून मुलांना ते चटकन आठवतं.

दुसरा भाग गाळला तरी चालतं. सुस्कारा टाकून 'सी झावे स्यू...' म्हटलं की पुरे.

खडूफळा

यात परीक्षेसाठी महत्त्वाचं आणखी एक: दुसऱ्याचं बोलणं सांगताना. 'तो म्हणाला, किल्ली हरवली.' मराठीत आतलं वाक्य जसंच्या तसं ठेवलं तरी बिघडत नाही. फ्रेंचमध्ये 'इल आ दी किल आवे पेर्द्यू सा क्ले', म्हणण्याआधी हरवलेली, म्हणून एक पायरी मागे. बी-वनच्या लेखनात, किमान 160 शब्दांत, पत्र किंवा प्रसंग लिहायचा असला की कोणीतरी कोणाला काहीतरी सांगितलेलं असतंच. तिथे हा काळ दोनदा नीट आला तरी परीक्षक खूश होतो.

सवयींसाठीही तो येतो: 'काँ मों ग्राँ-पेर आवे दीने, इल एकुते ला राद्यो', जेवण झालं की आजोबा रेडिओ ऐकत. हा आपला रीती भूतकाळ. पासे आँतेर्योर नावाचं त्याचं भावंड पुस्तकी लेखनात भेटतं. ओळखता आलं की झालं, लिहायला जाऊ नका.

आणि कर्ता एकच असेल तर सरळ 'जेवून' वापरा: 'आप्रे आव्वार माँझे, इल ए पार्ती.' आपल्या 'ऊन'वाल्या रूपाचं काम तिथे 'आप्रे'ने भागतं. प्रत्येक 'आधी'साठी प्ल्यु-क-पार्फे काढायची गरज नसते.

शेवंती

'दार उघडं होतं' आणि 'दार उघडलं होतं' यात माझी नेहमी गल्लत होते. 'ला पोर्त एते उवेर्त' म्हणजे नेमकं कुठलं?

खडूफळा

उघडं होतं. ती नुसती अवस्था, अँपार्फे. 'कोणीतरी दार उघडलं होतं' हवं असेल तर 'ला पोर्त आवे एते उवेर्त', मध्ये एक जास्तीचा 'एते', किंवा त्यापेक्षा सोपं, 'ओं आवे उवेर ला पोर्त'. एत्र दिसला की लगेच प्ल्यु-क-पार्फे समजू नका. 'उव्रीर' तुमच्या त्या घरात राहतच नाही.

चला, बीवन_उमेदवार, चार वाक्यं देते, करून टाका.
1. काल मी आजीकडे गेलो होतो.
2. आम्ही पोचलो तेव्हा पाहुणे जेवले होते.
3. तू आधी सांगितलं असतंस तर मी छत्री घेतली असती.
4. तिने पाठवलेली पत्रं मी वाचली नव्हती.

बीवन_उमेदवार

1. इएर, झ स्वी आले शे मा ग्राँ-मेर. (टेकू नाही!)
2. काँ नु सोम्झारिवे, लेझँवीते आवे देझा माँझे.
3. सी त्यू म लावे दी, झोरे प्री अँ पाराप्लुई.
4. झ नावे पा ल्यू ले लेत्र केल आवे आँव्वाये. 'आँव्वाये'ला 'ई' आणि 'एस' दोन्ही, कारण पत्रं आधी आली. 'ल्यू'ला काही नाही, कारण तिथे पत्रं मागे आहेत.

खडूफळा

चारही बरोबर. चौथ्यात एकाच 'पत्रां'वर दोन धातुसाधितं आणि दोघांची वागणूक वेगळी, ते पकडलंत. तोंडी परीक्षेत तिसऱ्या वाक्यातला 'झोरे' जरा सावकाश म्हणा, घाईत तो 'झावे'सारखा ऐकू येतो.